ठकूमावशीचा हिवाळा

ठकूमावशी परसात बसलेली मी क्वचितच पाहिली. काठी पुढं रोवायची, काठीवर दोन्ही तळवे, तळव्यांवर हनुवटी आणि डावा पाय उचलून उजव्या पोटरीला टेकवलेला. अशी ती मेथीच्या वाफ्यासमोर सगळी सकाळ उभी राहू शकायची. डिंगोऱ्यातून जाणारा नवखा माणूस तिला पाहून थबकायचा. ही बाई राखण कशाची करतेय, हे त्याला कळायचं नाही, कारण समोर वीतभर हिरवळीपलीकडं काही नसायचं. मी एकदा म्हटलं, "मावशी, मेथी काय पळून जाणार आहे का? बस की जरा." हनुवटी न उचलताच ती म्हणाली, "सवय हाय गं. बसलं की वाटतं, कायतरी मागं सुटलं."

तिचं उभं आयुष्य मेंढरांमागं गेलं होतं. मूळ गाव बेल्ह्याच्या पलीकडं, माळावर. पावसाळा तिकडं काढायचा आणि दिवाळी झाली की बिऱ्हाड घोड्यावर लादून निघायचं. आळेफाटा, ओतूर, डिंगोरे, मग माळशेज घाट उतरून खाली कोकणात. भात कापलेल्या रानांत मेंढरं बसवायची, शेतकऱ्याला खत मिळायचं, मेंढरांना चारा. पाऊस तोंडावर आला की पुन्हा घाट चढून वर. मावशी अशाच एका वाटेवर जन्मली, तशाच वाटेवर तिचं लग्न ठरलं, मुलगा बिरूही वाटेवरच झाला. हिवाळ्यात चार भिंतींच्या आत राहणं तिला ठाऊकच नव्हतं.

एका वर्षी पहाटेच्या धुक्यात घाटाच्या वळणावर मागून आलेला ट्रक कळपात घुसला. मावशीचे मालक गेले, पुष्कळ मेंढरं गेली, आणि मावशीचा डावा पाय मांडीपासून मोडला. पाय जोडला गेला, पण घाट चढण्या-उतरण्याचा राहिला नाही. तिच्या भावाचं डिंगोऱ्यात, गावाच्या कडेला, दोन खोल्यांचं घर होतं. भाऊ चाकणला कामाला गेल्यानं ते बंदच होतं. बिरूनं आईला तिथं आणून ठेवलं. ते घर आमच्या घराला लागून. मधे फक्त तारेचं कुंपण, तेही जागोजागी वाकलेलं.

मी कळंबची. लग्न होऊन डिंगोऱ्यात येऊन मला तेव्हा फार दिवस झाले नव्हते. ही नवी शेजारीण सुरुवातीला कुणाशी बोलायची नाही. मी अहो-जाहो करून विचारपूस केली, तर म्हणाली, "मला तुमी-तुमी करू नको. पावणी आल्यागत वाटतं." तेव्हापासून मी तिला माहेरच्या मावशीसारखं अगं-तुगं करायला लागले.

त्या वर्षीची दिवाळी झाली आणि बिरूचा कळप आमच्या गावावरून घाटाकडं निघाला. मावशी रस्त्याच्या कडेला जाऊन उभी राहिली. पुढं घोडा, घोड्यावर भांडी, भांड्यांच्या वर पाय बांधलेली कोंबडी, मागं बिरूची बायको लक्ष्मी आणि मग मेंढरंच मेंढरं. बिरू आईजवळ थांबला, पाया पडला आणि पळत कळपाला गाठायला गेला. धूळ खाली बसली तरी मावशी तिथंच. त्यानंतर दोन-तीन दिवस तिच्या घराचं दार उघडलं नाही. मी भाजी-भाकरी घेऊन गेले. ती अंधारात भिंतीला टेकून बसली होती.

"दिवाळी झाली की आमचं घर चालाय लागतं," ती म्हणाली. "औंदा घर हितंच बसलंय. मी करू काय, सुमन?"

माझ्या ओच्यात मेथीचं बी होतं, आमच्या परसात पेरायला काढलेलं. त्यातलं मूठभर मी तिच्या हातावर ठेवलं आणि म्हटलं, "हे पेर. थंडी पडायच्या आत उगवेल."

तिनं ते पेरलं आणि जाळूनही टाकलं. म्हणजे असं, की बिरूनं जाताना लेंड्यांची दोन पोती टाकली होती. ते ताजं खत मावशीनं अख्खंच्या अख्खं वाफ्यात ओतलं. आलेले कोंब पिवळे पडून गेले. मी तिला खत मुरवायला शिकवलं, खड्डा करून त्यात पालापाचोळा, लेंड्या, माती असे थर घालायला सांगितलं. ती मनापासून हसली. अपघातानंतर ती पहिल्यांदा हसली ती तेव्हाच, असं मला वाटतं. "मेंढराचं मला समदं कळतं," ती म्हणाली, "पर हे एका जागी उबं ऱ्हानारं जित्राब मी कवा पाळलंच नव्हतं."

दुसऱ्या वर्षापासून मात्र तिचा हात बसला. दसऱ्याच्या आसपास पाऊस पूर्ण ओसरला की ती परस उकरायला घ्यायची. माती उलटीपालटी करून आश्विनातल्या उन्हात तापत ठेवायची. ढेकळं फोडताना दुखरा पाय लांब करून ती जमिनीवर फतकल मारायची. तिचं बसणं झालं तर तेवढंच. मग गुलाबांची छाटणी. यासाठी तिच्याकडं मेंढरांची लोकर कातरायची जुनी कातर होती. शेंड्यापासून हिरव्या डोळ्यापर्यंत ती अशी सफाईनं फांद्या उतरवायची, की बघणाऱ्याला झाडाची दया यावी. "कातरली न्हाय तर अंग धरत न्हाय," असं म्हणून ती उघड्याबोडक्या झाडाच्या पाठीवरून हात फिरवल्यासारखं करायची. मार्गशीर्षात त्याच झाडाला मुठीएवढे गुलाब यायचे. ती ते कधी केसांत माळायची नाही. गल्लीतल्या पोरींना द्यायची.

दिवाळी झाल्यावर, म्हणजे कळप निघून गेला की दुसऱ्याच दिवशी, ती लसूण लावायची. एकेक पाकळी, टोक वर करून. हे काम ती कुणाला करू द्यायची नाही. घरात थांबून राहण्यापेक्षा तेवढा दिवस हात मातीत असलेले तिला बरे वाटत असावेत. मेथी आणि कोथिंबीर ती एकदम पेरायची नाही. एक वाफा उगवून आला की दुसरा पेरायचा, म्हणजे माघापर्यंत खुडायला कोवळं मिळतं. मुळा, पालक, पातीचा कांदा यांची जागा ठरलेली. वांगी श्रावणातच लावलेली असायची, पण चंपाषष्ठीपर्यंत एकाही वांग्याला ती हात लावू द्यायची नाही. खंडोबाला भरीत आणि रोडगा दाखवला की मग काटेरी देठाची ती जांभळी वांगी टोपलीभर आमच्याकडं यायची. "आदी देवाची, मंग शेजाऱ्याची," असं म्हणून टोपली ओट्यावर ठेवायची आणि पाणीही न पिता परत.

थंडीचं तिला उपजत कळायचं. आमच्याकडची थंडी काही झाडं मारून टाकणारी नव्हे, पण पौषात एखाददुसरी रात्र अशी येते की सकाळी टोमॅटोची पानं काळवंडलेली दिसतात. संध्याकाळी वारा पडला, आभाळ निरभ्र झालं की मावशी नाक वर करून उभी राहायची आणि मला हाक मारायची, "सुमन, आज उतरंल गं. पानी दिऊन ठेव." ओली माती थंडीला दाद देत नाही, हे मलाही माहेरी ऐकून माहीत होतं. पण कुठल्या दिवशी पाणी द्यायचं ते तिला कळायचं. उघड्यावर झोपलेल्या माणसाला ते कळतं, असं ती म्हणायची. आभाळ भरून आलं की मात्र ती वैतागायची. ढगाळ हवेत पावट्यावर मावा पडतो. मग चुलीतली राख चाळून फडक्यात बांधायची आणि पहाटेचं दव पानांवर असतानाच झाडून द्यायची. राखेनं तिची पांढरी पातळं कायम करडी झालेली.

त्या पावट्यावर तिचा फार जीव होता. आषाढात बी टोचायची, आणि वेल चढायला तिनं एक अजब मांडव केला होता. बाभळीच्या चार मेढी आणि त्यांच्यावर जुनी वाघर. वाघर म्हणजे रात्री मेंढरांभोवती लावायची सुताची जाळी, वाघा-बिबट्याला बाहेर ठेवणारी. बिरूनं नवी केल्यावर जुनी तिच्याकडं राहिली होती. थंडी सुरू झाली की त्या जाळीवर पावटा असा दाटायचा, की आत दुपारीही सावलीचा गारवा. जांभळी फुलं, मग शेंगांचे घोस. घरात तिला झोप लागायची नाही, छप्पर अंगावर येतं म्हणायची. दुपारी त्या मांडवाखाली घोंगडी टाकून मात्र ती गाढ झोपायची. मी एकदा तिला उठवायला गेले तर डोळे मिटूनच म्हणाली, "थांब जरा. मला वाटतंय मी वाड्यावर हाय." वाडा म्हणजे त्यांचा मेंढरांचा मुक्काम. मी परत फिरले.

आमची तनू झाली तेव्हापासून ती त्या मांडवाखालीच वाढली म्हटलं तरी चालेल. रांगायला लागली ती मावशीच्या वाफ्यांमधून. मी ओरडायचे, कोथिंबीर तुडवते म्हणून. मावशी म्हणायची, "तुडवू दे. कोकरू बी तुडवतंच." तनू शाळेत जायला लागली तरी घरी आल्यावर दप्तर टाकून पहिली तिकडं पळायची.

परसाच्या मागं ऊस होता, दुसऱ्याचा. आमच्या तालुक्यात उसाच्या कडेनं राहायचं म्हणजे बिबट्याची आठवण ठेवूनच राहावं लागतं. संध्याकाळी पोरं आत, शेळ्या आत, कुत्रं आत. एका वर्षी पौषात मागचा ऊस तुटायला लागला होता. अर्धा तुटला, अर्धा उभा. ऊन उतरत होतं, अजून चांगलं दिसत होतं. मी भाकरी थापत होते. तनूला म्हटलं, मावशीकडून चार काड्या कोथिंबीर आण. ती नेहमीसारखी वाकलेल्या तारेवरून गेली.

मग मला मावशीचा आवाज आला. तसा आवाज मी तिच्या तोंडून कधी ऐकला नव्हता. ओरडणं नव्हे ते. लांबवर, एका सुरात, घशाच्या तळातून काढलेली हाळी. हातातलं पीठ तसंच, मी धावले. तनू कोथिंबिरीच्या वाफ्यात उभी, आणि तिच्यापासून पाच-सहा हातांवर, पावट्याच्या मांडवाखाली, जमिनीला चिकटून बसलेला बिबट्या. मधे मावशी. काठी आडवी धरलेली. ती तनूकडं न बघता, अगदी हळू आवाजात बोलत होती.

"तनू, पळू नको. खाली बी बसू नको. माझ्या पाटीला लाग. हां. आता आईकडं मागं मागं जा. पाट फिरवू नको."

तनू एकेक पाऊल मागं येत माझ्यापाशी पोचली. मी तिला उचललं आणि त्याच क्षणी तो उसळला. मावशीनं काठी पुढं केली, ती त्याच्या तोंडावर बसली की नाही ते मला दिसलं नाही. एवढंच दिसलं की तिच्या उजव्या हातावरून तो पंजा ओढत खाली आला, आणि मग उभ्या उसात शिरून दिसेनासा झाला. मावशी तिथंच उभी. हातातून रक्त मेथीवर गळत होतं. गल्लीतले लोक ओरडत धावून आले, तेव्हा ती मला म्हणाली, "पोरीला कुटं लागलं का बघ आदी."

जुन्नरला सरकारी दवाखान्यात नेलं, टाके पडले, इंजेक्शनं झाली. वनखात्याचे लोक आले, उसाच्या बांधावर पिंजरा लावून गेले. गावातून माणसं मावशीला बघायला येत होती, तिच्या धीराचं कौतुक करत होती. कुणी म्हणालं पेपरात यायला पाहिजे. एकानं त्या बिबट्याला शिव्या घातल्या तेव्हा मावशी म्हणाली, "त्याचं काय चुकलं? ऊस तुटला, त्याचं बिऱ्हाड उटलं. आमचं बी रोज उटायचं." एवढं बोलून तिनं भिंतीकडं तोंड केलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी कोयत्याचा आवाज ऐकून मी परसात गेले. उजवा हात गळ्यात बांधलेला आणि डाव्या हातानं मावशी पावट्याचा वेल बुडातून तोडत होती. फुलांनी, शेंगांनी लगडलेला वेल. त्या वर्षी तो नेहमीपेक्षाही जास्त आला होता.

"मावशी, हे काय करतेस? अगं, टाके ओले आहेत."

"आडोसा मीच केला ना त्याला."

"तू तनूला वाचवलंस. तुझ्यामुळं आहे ती."

"वाचली. देवाची किरपा. पर तो बसला कुटं? माझ्या पावट्याखाली. ह्याच जाळीनं आमी जलमभर त्याला भाईर ठेवला, अन् हितं मीच त्याला जाळीत जागा करून दिली."

मी तिचा हात धरला. "निदान शेंगा तरी उतरू देत. माघापर्यंत थांब. तोवर आम्ही पोरीला येऊ देत नाही इकडं."

मावशीनं माझ्याकडं पाहिलं. रागानं नाही. समजूत घालावी तसं म्हणाली, "पोरगी यायची बंद झाली तर मंग मी पावटा ठेवून करू काय?"

मी घरातून दुसरा कोयता आणला. आम्ही दोघींनी मिळून मांडव उतरवला. वेल ओढून काढताना शेंगा सटासट मातीत पडत होत्या. गल्लीतल्या बायका आल्या, आल्या तशा बसल्या आणि शेंगा सोलायला लागल्या. एरवी चार बायका शेंगा सोलायला बसल्या की गप्पांना ऊत येतो. त्या सकाळी फक्त शेंगा फुटल्याचा आवाज येत होता. उन्हं वर आली तेव्हा परस मोकळं झालं होतं, आणि मागचा उसाचा फड पहिल्यांदाच थेट घरातून दिसत होता. मावशीनं वाघर गुंडाळली, पण घरात नेली नाही. ओतूरकडं निघालेल्या एका मेंढक्याला देऊन टाकली.

ती दुपारी घरात जाऊन झोपली. तिला झोप लागली की नाही, मला माहीत नाही. दार लावलेलं होतं.

पुढच्या वर्षापासून तिच्या परसात गुडघ्याच्या वर काही वाढलं नाही. वांगी आणि गुलाब तिनं घराच्या पुढच्या बाजूला, रस्त्याच्या उजेडात आणले. मागं फक्त लसूण, कांदा, मेथी, कोथिंबीर, मुळा, हरभरा. वाफ्यावर उभं राहिलं की शेवटच्या टोकापर्यंत सगळं दिसायचं. उजव्या हाताची बोटं तिला पुन्हा नीट मिटता आली नाहीत. कातर धरता येईना, तेव्हा गुलाबाची छाटणी माझ्याकडं आली. मी भीत भीत शेंडे कापायचे, तर मागून आवाज यायचा, "अगं, जरा खाली. अजून खाली. तुला त्याची नको तितकी माया येती." मुळ्याचं बी तनू टोचायची. मावशी काठीनं रेघ ओढून द्यायची आणि तनू त्या रेघेवर. तनूच्या मनात त्या संध्याकाळची भीती बसेल असं मला वाटलं होतं, पण तशी बसली नाही. परस उघडं होतं, आणि मावशी उभी असायची.

अशी काही वर्षं गेली. मागच्या वर्षी दसऱ्यानंतर मावशीला धाप लागायला लागली. चार वाफे उकरले की थांबायची, काठीवर कपाळ टेकायची. नारायणगावला डॉक्टरांना दाखवलं. हृदय कमजोर झालंय, जपा, म्हणाले. दिवाळीनंतर बिरूचा कळप आला तेव्हा आईला खाटेवर बघून बिरू हबकला. त्यानं मेंढरं गावाबाहेर बसवली आणि दारातच बसून राहिला.

"मी न्हाय जात औंदा," तो म्हणाला. "लक्ष्मी अन् चुलतभाऊ नेतील मेंढरं."

"तू थांबून काय करनार?" मावशी म्हणाली. "माझा दम तू घेनार हाईस का?"

"आई, तसं न्हाय..."

"कसं बी नको. घाटात तू पायजे. लक्ष्मीला एकटीला त्या वळनावरनं जाऊ द्यायचं न्हाय." ती जरा थांबली, श्वास घेतला. "हितं सुमन हाय. जा. पावसाच्या आदी ये म्हंजे झालं."

बिरू माझ्याकडं बघत राहिला. मी म्हटलं, "भाऊ, मी आहे. फोन चालू ठेवा." तो उठला. त्या दिवशी मावशी रस्त्यापर्यंत जाऊ शकली नाही. खाट दारात ओढली आणि तिथूनच कळप जाताना पाहिला. मेंढरांच्या गळ्यातल्या घुंगरांचा आवाज येईनासा झाल्यावर तिनं मला सांगितलं, "चल, लसूण आन."

त्या वर्षीचा लसूण मी आणि तनूनं लावला, तिच्या डोळ्यांसमोर. तिनं खाटेवरून एकेक पाकळी निवडून दिली. मग रोज सकाळी मी कामाला लागायच्या आधी तिच्याकडं जायचे आणि विचारायचे, "आज काय?" ती सांगायची. आज मेथीचा दुसरा वाफा. आज हरभऱ्याचे शेंडे खुड, म्हणजे फुटवा येईल. आज पाणी नको, काल दव पडलंय. आज खालचं गवत काढ. कुठलंच काम तिनं चुकू दिलं नाही. तिला स्वतःला आता दोन घासांवर जात नव्हतं. मी म्हटलं, "मावशी, एवढं सगळं लावून घेतेस, खाणार कोण?" तिला त्या प्रश्नाचं नवल वाटलं. "थंडी आलीया," ती म्हणाली. "लावायला नको?"

संक्रांत झाली. तिळगूळ घेऊन तनू गेली तेव्हा मावशी बोलली, हसली. त्यानंतर चारदोन दिवसांनी मी सकाळी चहा घेऊन गेले, तर ती उशीवर मान कलती करून पडली होती. हात लावला तेव्हा कळलं. दार परसाकडचं उघडं होतं. कधी उघडलं, कसं उघडलं, कोण जाणे. एकटीनं खाटेवरून उठण्याची ताकद तिच्यात नव्हती, असं आम्ही समजत होतो.

बिरूला फोन लावला. मुरबाडच्या बाजूला कुठंतरी रानात होता. मिळेल त्या जीपनं घाट चढून दुपारपर्यंत पोचला. मातीला सगळा गाव होता. बेल्ह्याकडचे तिचे नातेवाईक आले. बिरू त्या दिवशी रडला नाही, लोकांना पाणी दे, बसायला दे, असं करत राहिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो परसाच्या दारात येऊन उभा राहिला. मी पलीकडं आमच्या बाजूला होते. उन्हं नुकती आली होती आणि दव अजून होतं. लसणाची पात हातभर झालेली, कांदा भरत आलेला, मेथीचे तीन वाफे तीन वयाचे, हरभऱ्याला घाटे लागलेले, एका कोपऱ्यात बियांसाठी ठेवलेली कोथिंबीर पांढऱ्या फुलांवर आलेली. तो उंबऱ्यावरच थांबला. खूप वेळ त्यानं पाऊल खाली टाकलं नाही.

"वहिनी," तो म्हणाला, "हे समदं आईनं केलं?"

मी हो म्हटलं. आणि मग माझ्या लक्षात आलं. दिवाळीनंतर तो जायचा तेव्हा वाफ्यांत नुसती उकरलेली माती असायची. ज्येष्ठात परत यायचा तेव्हा सगळं काढून झालेलं, धूळ उडत असायची. इतक्या वर्षांत त्यानं आईचं परस असं हिरवं कधी पाहिलंच नव्हतं.

"मला वाटायचं, म्हातारी चार काड्या लावून जीव रमवत आसंल," तो म्हणाला. "एकदा म्हनलं व्हतं, सुमनवहिनीला फोटो पाटवाय सांग. तर म्हनली, फोटोत काय दिसतंय, येऊन बघ कवातरी."

तो पायांतल्या वहाणा काढून खाली उतरला. वाफ्यांच्या मधून सावकाश चालत टोकापर्यंत गेला, परत आला. मेथीजवळ वाकला, पानाला हात लावला, पण खुडलं नाही. मग तसाच वाकलेला राहून म्हणाला, "आज काय करायचं असतंय ह्याला?"

"लसणाला पाणी द्यायचंय," मी सांगितलं.

त्यानं नळाची नळी ओढली. पाणी सोडायची त्याला सवय नव्हती. धार जोरात आली आणि वाफ्याचा वरंबा फुटला. तो घाईनं गुडघ्यांवर बसला, हातांनी चिखल ओढून वरंबा बांधला, थोपटला, पुन्हा बांधला. तिथं बसूनच त्याला रडू कोसळलं. नळी हातात तशीच वाहत होती. मी कुंपणाच्या अलीकडंच थांबले.

लसणाचं झाल्यावर तो कांद्याकडं वळला, मग मेथीकडं, मग हरभऱ्याकडं. हरभऱ्याला तेव्हा पाणी द्यायचं नसतं. मला ते माहीत होतं. तरी शेवटच्या वाफ्यापर्यंत मी त्याला पाणी देऊ दिलं.